कुठलं काजळ घेऊ विचारताय, पण आधी ते कुठे लावता ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आयटीत नोकरी, वय २६, रोज कॉन्टॅक्ट लेन्स. काजळ लावलं की दुपारनंतर डोळे चुरचुरतात, पाणी येतं, संध्याकाळी कोपऱ्यात काळं साचलेलं असतं. तीन ब्रँड बदलून झाले, त्यातलं एक ‘हर्बल’ आणि एक ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ (म्हणजे अ‍ॅलर्जीची शक्यता कमी) लिहिलेलं. दीड महिन्यावर भावाचं लग्न आहे, आजी म्हणतेय घरचं काजळ पाडून देते तेच घाल, आणि तुम्हाला हवंय फक्त एका चांगल्या ब्रँडचं नाव.

मी डोळ्यांची डॉक्टर, साताऱ्यात प्रॅक्टिस करते. स्वतः काजळ लावते, त्यामुळे ‘डोळ्यांना काही लावूच नका’ असलं उत्तर माझ्याकडून येणार नाही. पण ब्रँडचं नावही देणार नाही. एक तर जे मला चालतं ते तुम्हाला चालेलच असं नाही, दुसरं म्हणजे त्याच नावाखाली कंपन्या आतला मालमसाला बदलत असतात. आणि तिसरं, खरं कारण, म्हणजे तीन वेगवेगळ्या कंपन्यांचं काजळ लावून तोच त्रास होत असेल तर कंपनीला दोष देण्याआधी तिन्ही वेळा सारखं काय होतं ते बघायला हवं. सारखी होती ती जागा. तुम्ही लिहिलंय ‘डोळ्यात काजळ घालते’, म्हणजे खालच्या पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर, ज्याला हल्ली सगळे वॉटरलाईन म्हणतात तिथे.

त्या कडेवर काय असतं ते सांगते. पापणीचे केस जिथे उगवतात त्याच्या जरा आत, डोळ्याच्या बाजूला, बारीक छिद्रांची एक ओळ असते. ती म्हणजे तेलग्रंथींची तोंडं, वरच्या पापणीत साधारण ३० ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०. त्यातून येणारं तेल अश्रूंवर पातळ पसरतं म्हणून अश्रू लगेच सुकत नाहीत. आता काजळ म्हणजे मेण, तेल आणि काळा रंग, ते आपण बरोब्बर या तोंडांवर फिरवतो आणि वर दाबून फिरवतो, कारण नाहीतर उमटत नाही. हनुवटी टेकवून डॉक्टर ज्या मशीनमधून बघतात त्यातून रोज काजळ घालणाऱ्या मुलीची पापणी बघितली की काही छिद्रांवर काळे टिपके बसलेले दिसतात, आणि डोळा मिचकावला की अश्रूंवर काळे कण वर-खाली तरंगताना दिसतात. पापणी हलकी दाबली तर निरोगी डोळ्यात स्वच्छ पातळ तेल यायला हवं, इथे येतं ते गोठलेल्या तुपासारखं, घट्ट, पिवळसर, कधीकधी येतच नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात २०१५ मध्ये हेच तपासलं होतं, पेन्सिल केसांच्या आत लावली तर बाहेर लावण्यापेक्षा जास्त कण अश्रूंत शिरतात आणि तेही पाचेक मिनिटांत. म्हणजे तुमच्या कोपऱ्यात संध्याकाळी जे काळं साचतं ते दिवसभर डोळ्यावरून फिरून आलेलं असतं, आणि तुमच्या बाबतीत मध्ये लेन्सही आहे.

आता ‘सेन्सिटिव्ह डोळे’ या शब्दाबद्दल. माझ्याकडे येणारी प्रत्येक दुसरी मुलगी तो वापरते पण त्यात तीन निरनिराळ्या भानगडी असतात आणि तिघींचा उपाय वेगळा. पहिली म्हणजे कोरडेपणा. चुरचुरणं, खुपणं, उलट जास्त पाणी येणं (हो, कोरड्या डोळ्यालाच पाणी जास्त येतं, तो डोळ्याचा बचाव असतो), सकाळी बरं आणि दुपारनंतर वाईट, एसीत आणि स्क्रीनसमोर अजून वाईट कारण स्क्रीनकडे बघताना आपण डोळे कमी मिचकावतो. दुसरी म्हणजे डोळ्याची अ‍ॅलर्जी, तिथे मुख्य तक्रार खाज असते, चोळावंसं वाटतं, बऱ्याचदा सोबत शिंका, सर्दी, लहानपणी दम्याचा त्रास असं काहीतरी असतं, आणि धूळ, गवत, हवा बदलणं यावर ते वाढतं. तिसरी म्हणजे पापणीच्या कातडीची अ‍ॅलर्जी. यात डोळा आतून ठीक असतो पण वरची पापणी लाल, कोरडी, सुरकुतलेली, कोंडा सुटल्यासारखी होते, खाजते, सुजते. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळे हाताला काही न करणारी वस्तू तिथे गोंधळ घालते.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला पहिला प्रकार वाटतो, लेन्स अधिक एसी अधिक आतलं काजळ. पण न तपासता खात्रीने सांगता येत नाही आणि दोन प्रकार एकत्रही असतात. पापणीच्या कडेला केसांच्या मुळाशी कोंडा, चिकटपणा असेल, वारंवार रांजणवाडी होत असेल तर कडेलाच सूज आहे, मग आधी त्याचे उपचार, मेकअप नंतर. तुम्ही लग्नाच्या आधी एकदा दाखवून याच.

तिसऱ्या प्रकाराबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते कारण लग्नाच्या सीझनमध्ये ती हमखास घडते. पापणीला अ‍ॅलर्जी आली की सगळे आयशॅडोला धरतात, आणि गुन्हेगार भलताच असतो. नेलपॉलिश हे त्यातलं जुनं कारण, नखांना काही होत नाही पण दिवसभरात आपण किती वेळा पापणीला हात लावतो. हल्ली जेल नेल्स, त्यातलं केमिकल नीट सुकलं नाही तर तसंच. हेअर कलर, शाम्पू, परफ्यूम, भुवया उपटायच्या चिमट्यातलं किंवा लॅश कर्लरमधलं निकेल, हे सगळे संशयित. लग्नाच्या आठवड्यात बायका हेअर कलर, नेल्स, फेशियल, थ्रेडिंग सगळं चार दिवसांत उरकतात आणि मग पापणी सुजली की कशामुळे ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. त्या गोष्टी सुट्या सुट्या करा, आठ-दहा दिवसांच्या अंतराने. आणि हेअर डाय भुवयांना किंवा पापण्यांच्या केसांना लावायचा विचार चुकूनही करू नका. १९३३ साली अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्या रंगवायचा डाय निघाला होता, त्यात पीपीडी हे केमिकल होतं, त्याने बायकांचे डोळे गेले, एकीचा जीव गेला, आणि पुढे १९३८ मध्ये तिथे कॉस्मेटिकचा कडक कायदा आला त्यामागे हेही एक प्रकरण होतं. तोच पीपीडी आजही बहुतेक काळ्या हेअर डायमध्ये आहे, आणि ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकतात त्यातही बरेचदा असतो.

आता डबीवरच्या शब्दांकडे. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ वाचून तुम्ही जास्त पैसे दिलेत, तर तो शब्द कुठल्या ठरलेल्या चाचणीचा शिक्का नाही. अमेरिकेत एफडीए या सरकारी नियंत्रण संस्थेने १९७५ मध्ये तसा नियम करायचा प्रयत्न केला होता, दोन कॉस्मेटिक कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये नियम रद्द झाला, तेव्हापासून कंपनीला जे वाटतं ते तिथे छापता येतं. ‘ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट टेस्टेड’चंही (म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलेलं) तेच, टेस्ट केलं एवढंच लिहिलेलं असतं, निकाल काय आला ते लिहिलेलं नसतं! मी त्या शब्दांना वाईट म्हणत नाही, अशा वस्तूंत वास घातलेला नसण्याची शक्यता जरा जास्त असते, पण निवड त्यावर करू नका, मागचं बारीक अक्षर वाचा.

तिथे काय बघायचं? सगळ्यात आधी फ्रॅग्रन्स किंवा परफ्यूम हा शब्द, असेल तर ठेवून द्या, डोळ्याजवळच्या वस्तूला वास हवाच कशाला. मग प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे वस्तूत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं केमिकल. डीएमडीएम हायडँटोइन, क्वाटर्नियम-१५, इमिडाझोलिडिनिल युरिया ही मंडळी हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडतात, ज्याला त्याची अ‍ॅलर्जी आहे त्याच्या पापणीला ते झेपत नाही. बेंझाल्कोनियम क्लोराइड कोरड्या डोळ्यांना त्रासदायक, ते रिमूव्हरमध्ये सापडू शकतं आणि डोळ्यांच्या थेंबांतही असतं. पॅराबेनला मात्र उगाच व्हिलन केलंय असं माझं मत आहे, अ‍ॅलर्जीच्या बाबतीत ते इतरांपेक्षा गरीब आहे. आणि ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ मस्कारा म्हणाल तर ओल्या, अंधाऱ्या नळीत रोज ब्रश आत-बाहेर करायचा आणि जंतू मारायला काहीच नाही, मला तरी तो सौदा पटत नाही. लाल, जांभळ्या, गुलाबी शेड्समध्ये कार्माइन नावाचा लाल रंग असू शकतो, सीआय ७५४७० अशा रंगाच्या क्रमांकाने लिहिलेला असतो, काही लोकांना त्याची अ‍ॅलर्जी असते. साधा काळा, तपकिरी आयर्न ऑक्साइड बहुतेकांना चालतो. शिवाय पॅकवर उत्पादकाचा परवाना नंबर, बॅच, तारीख हवी, बाहेरून आलेलं असेल तर इम्पोर्टरचं नाव आणि आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) नंबर हवा. लोकलच्या लेडीज डब्यात मिळणारी नामांकित ब्रँडची पेन्सिल पाऊण किमतीने स्वस्त का असते ते तुम्हाला कळतं आणि विकणारीलाही कळतं, टिकल्या-क्लिपा घ्या तिच्याकडून, डोळ्यात जायच्या वस्तू नको.

आजीचं काजळ. हा नाजूक विषय आहे, मी पण असंच काजळ घालून मोठी झालेय. तुपाचा किंवा एरंडेलाचा दिवा, त्यावर उपडी धरलेली तांब्याची वाटी, साचलेली काजळी तुपात खलायची. यात शिसं नसतं, तेवढं चांगलं, पण आहे काय तर ज्वलनाची काजळी आणि तूप, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, निर्जंतुक नाही, आणि घरातल्या सगळ्यांची बोटं त्याच डबीत. त्यात वर भीमसेनी कापूर घालतात ‘थंडावा’ यावा म्हणून. कापराने डोळ्यातून घळाघळा पाणी येतं आणि मग म्हणायचं बघ कशी घाण निघाली. घाण नाही निघाली हो, डोळा जळला म्हणून पाणी आलं. तुमच्या त्या हर्बल काजळात कापूर आहे का बघा, मला दाट शंका आहे. आजीचं मन मोडू नका, तिच्या काजळाची तीट कानामागे लावा, डोळ्यात नको. घरात बाळ असेल तर त्याच्याही डोळ्यात नको, तान्ह्या बाळांची अश्रूंची नळी आधीच अरुंद असते, आणि काजळाने डोळे मोठे होत नाहीत. सुरम्याची गोष्ट मात्र वेगळी आणि गंभीर आहे. पारंपरिक सुरमा गॅलिना नावाच्या चकचकीत काळ्या दगडाची पूड असू शकतो, म्हणजे लेड सल्फाइड, सरळ शिसं. कुणी भेट म्हणून प्रेमाने आणलेला असला, पुडीवर काही लिहिलेलं नसलं, तर वापरू नका, लहान मुलांच्या हाताला तर लागूच देऊ नका.

बरं मग लावायचं काय. मी तुमच्या जागी असते तर आतली कड पूर्ण मोकळी सोडली असती आणि काजळाची पेन्सिल केसांच्या बाहेरून, मुळाच्या अगदी जवळून, वरच्या पापणीवर ओढली असती, खाली फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात. वरून जाड, खालून अस्पष्ट. सुरुवातीला आरशात चेहरा उघडा वाटतो, आठवडाभर सवय होत नाही, मला मान्य आहे. पण फोटोत डोळा उलट मोठा दिसतो, कारण आतली कड काळी केली की डोळा लहान दिसतो हे कुठलीही मेकअपवाली सांगेल. पेन्सिल मऊ हवी, आणि शार्पनर लावायची असेल तर उत्तम, दर वेळी टोक काढलं की वरचा वापरलेला थर जातो. लिक्विड लायनर सुकला की पापडी पडून कण आत जातात, त्यामुळे कोरड्या डोळ्यांना पेन्सिलच बरी.

मस्काऱ्यात वॉटरप्रूफ टाळा. तो स्वतः वाईट नाही, पण तो काढायला तेलकट रिमूव्हर आणि भरपूर घासाघीस लागते आणि अर्धा त्रास त्यातच असतो. ‘ट्यूबिंग’ मस्कारा नावाचा प्रकार मिळतो, तो प्रत्येक केसाभोवती पातळ नळी बनवतो आणि कोमट पाण्याने ती अख्खी निघते, चोळावं लागत नाही. लेन्सवाल्या पेशंटना मी तोच सुचवते. लावताना मुळापासून नाही, केसांच्या मध्यापासून टोकाकडे. उघडल्यावर तीन महिन्यांनी फेकायचा, अर्धा उरला असला तरी, सुकला म्हणून पाणी किंवा थुंकी लावून चालवायचा नाही (हसू नका, करतात). आयशॅडोत मॅट घ्या, ब्रश झटकून मग लावा. सुटा ग्लिटर डोळ्याच्या आसपाससुद्धा नको, तो कण बुबुळावर ओरखडा काढतो आणि लेन्सखाली अडकला तर लग्नाच्या रात्री माझ्यासारखीचा फोन शोधत बसाल.

लेन्सचा क्रम ठरलेला आहे: हात धुवा, लेन्स घाला, मग मेकअप. रात्री आधी लेन्स काढा, मग मेकअप. लेन्स घालण्याआधी हातांना क्रीम लावू नका, लेन्स ते ओढून घेते. लग्नाच्या दिवसांपुरत्या रोज फेकायच्या लेन्स घेता आल्या तर फारच उत्तम.

काढण्याबद्दल कुणी विचारत नाही आणि मला मात्र सगळ्यात जास्त तेच बोलायचं असतं. चांगल्यात चांगलं काजळ रात्रभर डोळ्यात ठेवून झोपलात तर उपयोग शून्य. तेल नसलेला, वास नसलेला रिमूव्हर कापसावर घ्या, डोळा मिटून कापूस दहा-पंधरा सेकंद नुसता टेकवून ठेवा, मग वरून खाली एकदाच पुसा. प्रत्येक डोळ्याला नवीन कापूस. मग साध्या पाण्याने धुवा, मायसेलर वॉटर (मेकअप काढायचं तयार पाणी) असलं तरी धुवा, त्यातलं साबणासारखं केमिकल पापणीवर राहून चुरचुरतं. खोबरेल तेलाने निघतं सगळं, पण ते डोळ्यात उतरून धुरकट दिसतं आणि कडेवर चिकट थर राहतो, वापरलंच तर एक थेंब आणि नंतर नीट धुणं. झोपण्याआधी गरम पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं मिटल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं, हाताला सोसेल एवढंच गरम, गार झालं की परत. त्या घट्ट झालेल्या तेलाला वितळवायला यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

दीड महिन्याचा वेळ आहे तो असा वापरा. पहिले दोन आठवडे डोळ्यांना काहीही नाही, फक्त शेक. एवढ्यानेच त्रास गेला तर अर्धं उत्तर मिळालं, नाही गेला तर कारण एकटं काजळ नसावं आणि तुम्ही डॉक्टरकडे जा. मग एकेक वस्तू आणा. नवीन वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, सात दिवस, त्याच जागी लावायची, लाल झालं, खाजलं तर बाद. पास झाली तर तीन-चार दिवस एकाच डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला, कारण हाताची कातडी जाड असते आणि तिने हो म्हटलं म्हणजे पापणी हो म्हणेलच असं नाही. दोन नवीन वस्तू एकाच आठवड्यात सुरू करू नका. खूप त्रास असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठीवर पॅच टेस्ट होते, दोन दिवस पट्ट्या ठेवून नंतर दोनदा बघतात, त्यात नेमकं कशाचं वावडं आहे ते कळतं.

पार्लरवाल्या ताईंना आधीच सांगा की डोळ्यांच्या वस्तू माझ्या मी आणणार. मस्कारा तर नक्कीच स्वतःचा, किंवा दर वेळी नवीन फेकायचा ब्रश, एकच ब्रश चार पाहुण्यांच्या डोळ्यांवरून फिरून परत नळीत जातो आणि डोळे येण्याची साथ असेल तर बघायलाच नको. खोट्या पापण्या हव्याच असतील तर अख्ख्या पट्टीऐवजी बाहेरच्या अर्ध्या भागापुरत्या, लॅटेक्स नसलेला गोंद, आणि तो गोंद कानामागे दोन दिवस आधी लावून बघा. चिकटवून महिनाभर टिकणारी एक्स्टेन्शन्स या लग्नापुरती तरी नको, त्याच्या गोंदाच्या वाफेनेच अनेकींचे डोळे लाल होतात. पापण्या लांब करणारे सीरमही आत्ता सुरू करू नका, त्यातल्या काहींत काचबिंदूच्या औषधाच्या जातीचं द्रव्य असतं, त्याने पापणी काळवंडते, डोळे लाल होतात.

आणि मेकअपनंतर डोळा लाल झाला, सुजला तर लेन्स काढा, मेकअप काढा, स्वच्छ पाण्याने धुवा, गार पट्टी ठेवा, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतील. उजेड सहन होत नाही, दुखतंय, धूसर दिसतंय, पू येतोय, यातलं एकही असेल तर हळदीचा कार्यक्रम असला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा, लेन्सवाल्यांनी तर सकाळची वाटसुद्धा बघू नये. फ्रिजमध्ये मामांच्या ऑपरेशनच्या वेळची उरलेली थेंबांची बाटली असते ना, ती घालू नका. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, लाली लवकर जाते आणि आतलं इन्फेक्शन वाढत राहतं. येताना ती बाटली आणि वापरलेल्या सगळ्या वस्तू पिशवीत घालून डॉक्टरकडे घेऊन जा, पॅकसकट, म्हणजे मागचं बारीक अक्षर आम्हालाही वाचता येईल.